आलूबुखाऱ्याची पानं

चीनला जाऊन आलेल्या माणसाला इंदूरमध्ये दोनच प्रश्न विचारतात. खाल्लं काय, आणि तिकडे साप खरंच खातात का. पहिल्याचं उत्तर असं की आमच्या कारखान्याच्या सेठजींच्या पिशवीतले खाखरे आणि आपली सेव, आठही दिवस. दुसऱ्याचं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मला तिथे फारसं काही विचारावंसं वाटलंच नाही. आमच्या घरात मात्र माझ्यासाठी तिसराच प्रश्न काढून ठेवलेला होता, आणि तो ऐकला तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. त्या झाडाला पानं असतात का.

हे नीट सांगायचं तर मिलपासून सांगावं लागेल.

बाबा मिलच्या डिझाइन खात्यात होते. कापडावर जी फुलं छापायची ती आधी कागदावर काढायची, मग त्यातला एकेक रंग वेगळा करून प्रत्येकाचा तांब्याचा रोलर बनवायला द्यायचा, हे त्यांचं काम. आपल्याला कागदावर एक फूल दिसतं. बाबांना त्यात गुलाबी वेगळं, तपकिरी वेगळं, हिरवं वेगळं दिसायचं. लहानपणी मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि मोर काढून द्या म्हटलं की ते विचारायचे, “किती रंगांत?” मी म्हणायची, सगळ्या. त्यावर ते म्हणायचे, “सगळे म्हणजे काय, आकडा सांग.” मग मी पाच म्हणायची आणि मोर बरोबर पाच रंगांत मिळायचा.

मी नववीत होते तेव्हा मिलला बाहेरदेशातून एक ऑर्डर येऊ घातली होती. त्या वर्षांत जिकडेतिकडे एकच बोलणं होतं, की आता बाजार खुला झाला, बाहेरचा माल इकडे येणार आणि आपला तिकडे जाणार. मिलची हालत तर आधीच खस्ता होती. तीन पाळ्यांच्या दोन झाल्या होत्या, नवीन भरती बंद होती, आणि मशीन बिघडलं की दुसऱ्या मशीनचा पार्ट काढून त्याला लावत होते. साहेबलोकांना वाटलं, ही ऑर्डर मिळाली तर मिल तरेल. ऑर्डर होती पलंगपोसांची. व्यापाऱ्याने एक रंगीत फोटो पाठवला होता, चीनमधल्या कुठल्याशा डोंगरावरचं प्लमचं झाड, फुलांनी लगडलेलं. असं डिझाइन करून द्या म्हणाला. प्लम म्हणजे आलूबुखारा, एवढं कोणीतरी डिक्शनरीत बघून सांगितलं, आणि तेव्हापासून मिलभर त्या डिझाइनचं नाव आलूबुखारा पडलं.

बाबांनी ते काढलं. काळपट वाकडी डहाळी, तिच्यावर गुलाबी फुलं, आणि दर दोन फुलांच्या मध्ये एक हिरवंगार पान. नमुने छापले गेले, पाठवले गेले, आणि महिन्याभरात परत आले. फोटोतल्या झाडाला एकसुद्धा पान नव्हतं. व्यापाऱ्याने लिहिलं होतं की हे प्लम नाही, हे कशाचं झाड आहे ते आम्हाला समजत नाही. ऑर्डर गेली. मॅनेजरसाहेबांनी बाबांना बोलावलं, फोटो समोर ठेवला आणि विचारलं की पानं कुठून आणलीत. बाबा म्हणाले, “झाड आहे साहेब, पानं असणारच. फोटोत आली नसतील.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत मिलभर झालं आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत आलं. बाबांना डिझाइन खात्यातून काढून घडी खात्यात टाकलं. तिथे तयार कापडाच्या घड्या घालायच्या, बस. पुढे दोन वर्षांत मिलच बंद पडली. ती काही पानांमुळे पडली नाही. इंदूरमधल्या सगळ्याच मिली एकेक करून पडल्या, त्यांनी काही सगळ्यांनी आलूबुखारा छापला नव्हता. पण लोकांना बोलायला काहीतरी लागतं. बाबा गल्लीतून निघाले की पानवाला विचारायचा, “क्या भिया, पत्ते आए कि नई?” बाबा हसायचे. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. मला त्यांचं ते हसणं सहन व्हायचं नाही. माणसाला चारचौघांत अडाणी म्हटलं तर निदान चिडावं तरी. मीही त्यांना अडाणीच समजत होते, उगाच कशाला खोटं बोलू. ज्या माणसाने आयुष्यभर फुलं काढली त्याला समोरचा फोटो बघून फूल काढता आलं नाही, याची मला लाज वाटायची.

नापास झालेले पलंगपोस मिलने कामगारांतच वाटून टाकले. आमच्या वाट्याला तीन आले. दहावी, बारावी आणि पुढची तीन वर्षं मी त्या पानांवर झोपले.

मिल बंद झाली तेव्हा आमच्या घरात कोणी रडलं नाही. मी वाट बघत होते, की आज कोणीतरी रडेल, आज भांडण होईल. काहीच झालं नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की हात कसा आपला असून आपला वाटत नाही, तसं घर झालं. जेवणं वेळेवर व्हायची. बाबा बड़ा गणपतीजवळच्या एका दुकानात गाड्यांच्या नंबर प्लेटी रंगवायला लागले, काही घरीही आणायचे. अक्षर सुंदर, आकडे एकसारखे, पण फक्त अक्षरं आणि आकडे. दुकानदाराने एकदा म्हटलं की या टेम्पोच्या मागे एक कमळ काढून द्या. बाबांनी नाही म्हणून मान हलवली आणि एमपी ०९ लिहीत बसले. दुकानदाराने पुन्हा विचारलं नाही.

आणि मी काय करावं, तर तेच. तुकोगंजमध्ये कंप्युटरचा क्लास केला, डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकले, आणि पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात चादरी-पलंगपोसांची डिझाइनं काढायला लागले. कारखाना म्हणजे एक लांब शेड. आत लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढरं कापड ताणलेलं, आणि एका रंगाची एक जाळीची चौकट दोन माणसं दोन बाजूंनी धरून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत छापत जायची. मग दुसरे दोघे दुसऱ्या रंगाची चौकट घेऊन. अशी चौदा माणसं होती. बाबांनी मला एकदाही विचारलं नाही की तू काय काढतेस. मीही कधी सांगितलं नाही.

मिल बंद होऊन सात वर्षं झाली असतील. आमच्या सेठजींनी ठरवलं की आता चिनी मशीन घ्यायचं, सगळे रंग एकदम छापणारं. मशीन बघायला ते जाणार आणि बरोबर मी, कारण छपाईत रंग रंगावर बरोबर बसतो की नाही ते त्यांना कळत नव्हतं आणि मला कळत होतं. तिकडच्या कंपनीने फॅक्स पाठवला. दोन दिवस कारखाना, तिसऱ्या दिवशी सकाळी चिनी बगीचा आणि दुपारी प्लम बघायला डोंगर, कारण नेमका तेव्हा बहराचा मोसम होता. मी तो फॅक्स घरी आईला वाचून दाखवत होते. सगळीकडून फिरून शेवटी आमच्या घरात पुन्हा आलूबुखाराच यावा, काय म्हणावं याला. बाबा दाराबाहेरच्या ओट्यावर प्लेट रंगवत होते. त्यांचा ब्रश थांबला.

“तेच झाड का ते?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“पानं असतात का बघून ये.”

त्यांनी सात वर्षांत माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. पाणी मागायचे तेसुद्धा आईकडे. मला काय वाटलं म्हणाल तर राग आला. इतकी वर्षं झाली, सगळं संपलं, आणि या माणसाला अजून तिथेच अडकून बसायचंय. मी म्हटलं बघते, आणि आत गेले.

आई लगेच माझ्या मागोमाग आत आली. बॅगेत स्वेटर ठेवता ठेवता म्हणाली, “ऐक. तिथे काही असो नसो, पानं होती म्हणून सांग.”

“आणि नसली तर?”

“तर काय. तू सांगितल्यावर कोण बघायला जातंय चीनला. त्यांचं एवढं तरी बरोबर निघू दे.”

म्हणजे काम सोपं होतं. मशीन बघायचं, पानं बघायची, आणि पानं नसतील तर खोटं बोलायचं.

मशीनचं सांगते. एका बाजूने पांढरं कापड आत जात होतं आणि दुसऱ्या बाजूने फुलं छापलेलं बाहेर येत होतं, आठ रंगांत. मी भिंग लावून बघत बसले. एक रंग दुसऱ्याच्या अंगावर चढत नव्हता, मधे पांढरी रेघ सुटत नव्हती. कापड चालतं ठेवूनही नाही आणि थांबवून पुन्हा सुरू केलं तरी नाही. चालवायला तीन माणसं होती. त्यातली एक बाई तर स्टुलावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलून खात होती, अधूनमधून मान वर करून बघायची. सेठजी माझ्या कानाशी म्हणाले, “देख रही हो? तीन लोग.” मग विचारलं, “बोलो बेटा, ठीक है?” मी पुन्हा एकदा भिंग लावलं आणि म्हटलं, ठीक है. माझ्या ठीक है मुळे ते मशीन घेतलं असं म्हणणं जास्तच होईल, सेठजींनी मनात आधीच ठरवलेलं असणार. पण त्यांनी विचारलं होतं आणि मी म्हटलं होतं, हेही खरंच आहे.

तिसऱ्या दिवशी बगीचा. सुझौ नावाचं गाव आहे, तिथे असे जुने बगीचे बरेच आहेत. मी बगीचा म्हणजे हिरवळ आणि कारंजं समजून गेले होते. तिथे हिरवळ नव्हतीच. पाणी, पाण्याच्या मधे भोकं भोकं असलेले मोठे दगड, आणि पांढऱ्या भिंती. भिंतींना खिडक्या होत्या, एक षटकोनी, एक पंख्याच्या आकाराची, आणि प्रत्येक खिडकीतून पलीकडचा एकच तुकडा दिसायचा. इथून बांबू, तिथून दगड, पुढच्या खिडकीतून नुसतं पाणी. सगळं एकदम बघू द्यायचं नाही असं ठरवून बांधलेलं. आमची दुभाषी मुलगी हे सगळं इंग्रजीत हळूहळू समजावत होती, सेठजी मान डोलवत होते, आणि ती पुढे गेल्यावर मला म्हणाले, “इतनी जगह में तो आराम से दो शेड निकल आते.” मी मनात म्हटलं, सुंदर आहे. खरंच सुंदर होतं. पण त्यापुढे मनात काही आलंच नाही. मी वाट बघितली, काही आलं नाही, मग आम्ही जेवायला गेलो.

दुपारी डोंगर. डोंगर म्हणजे आपल्या हिशोबाने टेकडीच, खाली एक प्रचंड तळं, थंडी अशी की बोटं वाकत नव्हती. पायऱ्या वर जात होत्या, दोन्हीकडे झाडं आणि झाडांत माणसं. म्हातारेकोतारे थर्मास घेऊन आलेले, पोरीबाळी फोटो काढत होत्या. पांढरी फुलं, फिकट गुलाबी, गडद गुलाबी, वास मधासारखा गोडसर. वर एका ठिकाणी थांबून दुभाषी मुलीने खाली हात केला आणि सांगितलं की इथले लोक याला सुगंधी बर्फाचा समुद्र म्हणतात. सेठजींनी बर्फ पाहिला नव्हता आणि मी समुद्र पाहिला नव्हता, त्यामुळे आम्ही दोघांनी हो हो म्हटलं.

पानं नव्हती. हे मला पायथ्याच्या पहिल्याच झाडावर कळलं होतं. सगळी काळी, खडबडीत, वाकडीतिकडी लाकडं आणि त्यांना थेट चिकटलेली फुलं, देठसुद्धा जेमतेम. बरं, पहिल्या झाडाला नाहीत तर नाहीत, गप्प वर जावं. पण मी दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सेठजी एका बाकावर खाखरा काढून बसले आणि मी झाडाझाडाखाली मान वर करून फिरायला लागले. फांदी खाली ओढायची, बघायचं, सोडायची. वीसेक झाडं झाली असतील. मला माझाच वैताग आला होता, पण पाय थांबत नव्हते. लोक फुलं बघत होते आणि मी वेड्यासारखी त्यांच्यात पान शोधत होते.

दुभाषी मुलगी धावत आली, म्हणाली काही हरवलं का. मी म्हटलं, पान. तिला वाटलं माझं इंग्रजी चुकतंय. मी बोटाने हवेत पान काढून दाखवलं. मग तिने झाडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्या माळ्याला हाक मारली आणि त्याला काहीतरी विचारलं. त्याने हातमोजा काढून कान खाजवला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि बरंच बोलला. मुलगी म्हणाली, “आधी फूल, मग पान. एप्रिलमध्ये या म्हणतात. पानं भरपूर असतात तेव्हा, पण ती बघायला कोणी येत नाही.” माळी अजून बघत होता, मी एप्रिलमध्ये येते म्हणेन अशा आशेने असावा. मी थँक्यू म्हटलं.

मग मी आईने सांगितलं ते काम करायला लागले. नुसतं सांगण्यापेक्षा फोटो दाखवावा, म्हणजे कायमचं मिटेल. मशीनचे फोटो काढायला ऑफिसने दिलेला कॅमेरा गळ्यात होताच. एका प्लमच्या मागे बारा महिने हिरवं राहणारं कुठलंसं झाड होतं, जाड चकचकीत पानांचं, आपल्या बकुळीसारखं. मी खाली बसले, एका बाजूला झुकले, आणि अशा बेताने बघितलं की पुढच्या फुलांच्या मधून मागची पानं डोकावतील. मग आणखी थोडी झुकले. एक पान तर दोन फुलांच्या बरोबर मध्ये बसलं. तीन फोटो काढले. असं खोटं जुळवताना जीव खालीवर व्हायला हवा होता, तसलं काही झालं नाही. हात गारठले होते तेवढंच जाणवत होतं.

इंदूरला आल्यावर रोल धुवायला दिला. रविवारी फोटो मिळाले. तिन्हींतला सगळ्यात चांगला निवडला आणि ओट्यावर गेले. बाबा स्कूटरची प्लेट रंगवत होते. मी म्हटलं, “होती बाबा. थोडी थोडी होती, पण होती.” आणि फोटो पुढे केला. आई दारात येऊन उभी राहिली.

बाबांनी ब्रश डबीवर आडवा ठेवला, हात पुसले, चष्मा पुसला. फोटो घेतला आणि उजेडाकडे धरला. मी त्यांना असं काही बघताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. डिझाइन तपासताना ते असेच बघायचे, आधी लांबून, मग एकदम जवळून. मग त्यांनी ब्रशचं उलटं टोक त्या दोन फुलांच्या मधल्या पानावर ठेवलं.

“याचा देठ कुठाय?”

मी वाकून बघितलं.

“पान डहाळीवर नाही, मागे आहे. मागच्या झाडाचं आहे. आणि तू डावीकडे झुकून फोटो काढलायस.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या डिझाइनमध्ये चूक काढावी तसं सांगत होते. “नसतात पानं,” ते म्हणाले. “मला तेव्हाही माहीत होतं. फोटोत दिसत नव्हतं का?”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी विचारलं, “माहीत होतं तर काढली कशाला?”

बाबांनी फोटो मांडीवर ठेवला आणि सांगितलं, सलग, कधीतरी कोणीतरी विचारेल म्हणून पाठ करून ठेवल्यासारखं.

“छापायचं मशीन चार रंगांचं होतं. एका रंगाचा एक डब्बा, एका डब्ब्यावर दोन माणसं. साहेब म्हणाले, खर्च कमी करायचाय, यापुढे तीन रंगांत डिझाइन काढा, चौथा लागलाच तर द्या. चौथा म्हणजे हरा. हऱ्यावर दोन पाळ्यांत मिळून चौघे होते, चारही बदली. बदलीवाल्याचं तुला माहीत नसेल. रोज सकाळी दरवाज्यावर उभं राहायचं, काम असलं तर आत घेणार, नसलं तर घरी जा. डिझाइनमध्ये हरा असला तर ते आत. नसला तर बाहेर. मग मी सगळ्यांत हरा घालायला लागलो. गुलाबाला पानं, कमळाला पानं, कैरीच्या बुट्ट्याला पानं. कोण विचारतंय. पुरे अकरा महिने चाललं. या आलूबुखाऱ्यालाच नडलं.”

“साहेबांना सांगायचं ना तसं.”

“काय सांगू? माहीत असून काढली म्हटलं तर मुद्दाम केलं झालं. मुद्दाम करणाऱ्याला काढून टाकतात. अडाण्याला घडी खात्यात पाठवतात.”

“आणि ते चौघे?”

“मला घडी खात्यात टाकलं, त्याच आठवड्यात हरा बंद झाला.”

आई अजून दारातच होती. तिने विचारलं, “मला का नाही सांगितलं?”

बाबा म्हणाले, “तू गप्प राहिली नसतीस. गल्लीत कोणी हसलं की तू बोलून टाकलं असतंस.”

आई आत गेली.  मी तिथेच उभी होते. मला लाज वाटायला हवी होती आणि वाटत होती, पण तीसुद्धा लांबून, दुसऱ्या कोणाची असावी तशी. या माणसाला मी दहा वर्षं अडाणी समजले. आणि आज त्याला खोटं पान आणून दिलं, म्हणजे आजही तेच समजत होते. मी म्हटलं, “मग मला बघायला कशाला सांगितलंत बाबा?”

ते जरासे ओशाळले. म्हणाले, “मला वाटलं, एवढा मोठा डोंगर आहे. एखाद्या झाडाला तरी असतील.”

मग त्यांनी फोटो मला परत दिला आणि ब्रश उचलला. माझ्या कामाबद्दल ते कधी विचारत नसत, त्या दिवशी विचारलं.

“तुमचं ते नवं मशीन किती रंगांचं?”

“आठ.”

“चालवायला माणसं?”

“तीन.”

“आत्ता किती आहेत?”

“चौदा.”

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील, आणि म्हणावं असं मला फार वाटत होतं. ते म्हणाले, “रंग बरोबर बसतात का?”

“केसभर हलत नाहीत.”

“मग चांगलं आहे,” बाबा म्हणाले. टोमणा नव्हता, मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि शून्य लिहायला घेतलं.

मशीन चार महिन्यांनी आलं. टेबलं काढून भिंतीला लावली, अकरा माणसं गेली. त्यांना सांगितलं तेव्हा मी ऑफिसच्या काचेमागे होते, कंप्युटर चालू करून बसले होते. सेठजी म्हणाले की पहिला माल प्लमचाच काढायचा, चीनची आठवण म्हणून. डोंगरावरचे फोटो समोर होते. मी डहाळी काढली, फुलं काढली, आणि मग दर दोन फुलांच्या मध्ये एक पान काढलं, देठ डहाळीला नीट जोडून. सेठजींनी प्रिंट बघितली आणि म्हणाले, “अच्छा है, भरा-भरा लग रहा है.” हरा घातला काय आणि न घातला काय, मशीनवर माणसं तीनच लागत होती.